गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांच्या कादंबऱ्या सुचवा (दयाळू मालक नको)

कोपऱ्यातली:
शाळेत 'एक होता कार्व्हर' वाचून रडले होते, तेवढंच माझं भांडवल. आता अमेरिकेतल्या, कॅरिबियनमधल्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या वाचायच्यात. काळी माणसं मुकाट सोसतायत आणि शेवटी कुणी भला गोरा येऊन सोडवतो, असलं नको. ज्यांना विकलं त्यांनी स्वतः काय केलं, ते हवंय. इंग्रजी चालेल, फार अवघड नको.

सोलापुरी_चादर:
'किंड्रेड', ऑक्टेव्हिया बटलर, १९७९. कॅलिफोर्नियातली काळी लेखिका डेना १९७६ मधून थेट गृहयुद्धाआधीच्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. मालकाच्या गोऱ्या पोराचा जीव तिलाच वाचवावा लागतो, कारण तो तिचा पूर्वज! म्हणजे तुमची तक्रारच उलटी केलीय. तिचा नवरा गोरा. तोही एकदा मागे जातो, तेव्हा चारचौघांत त्याला तिचा मालक असल्याचं नाटक करावं लागतं. तिथे मी पुस्तक मिटून चहा केला. भाषा सोपी.

मधली_सुट्टी:
कुणीतरी 'बिलव्हेड' सांगणारच, तर मीच सांगते. टोनी मॉरिसन. मुळाशी खरी घटना आहे: १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. धरायला माणसं आली तेव्हा तिनं पोटच्या मुलीला मारलं, परत गुलामीत जायला नको म्हणून. पुढे वाद काय, तर तिला खुनी म्हणून उभं करायचं की मालमत्ता म्हणून परत द्यायचं. दिली परत. कादंबरी अवघड आहे, सुरुवातीला काही कळत नाही. तरी वाच.

खडूस_आजोबा:
'रूट्स' विसरलात? कुंटा किंटे चारदा पळतो, शेवटी त्याचा अर्धा पाऊल तोडतात.

मधली_सुट्टी:
आजोबा, वाचावीच, पण कादंबरी म्हणून. लेखक अ‍ॅलेक्स हेलींवर उचलेगिरीचा खटला झाला होता, १९७८ मध्ये तडजोड झाली. कुंटा आपला पूर्वज म्हणून त्यांनी जी वंशावळ दिली, तिच्यावरही अभ्यासकांनी शंका घेतल्यात.

खडूस_आजोबा:
असेल. आम्हाला मात्र तो कुंटाच भेटला आधी.

दर्यावर्दी:
उठावच हवा असेल तर कॅरिबियनमधला हैती. कार्पेंतिएरची 'द किंगडम ऑफ धिस वर्ल्ड', १९४९, मूळ स्पॅनिश, छोटीशी. उसाच्या चरकात हात गेलेला माकांदाल विषारी वनस्पती ओळखायला शिकतो. आधी मालकांची गुरं मरतात, मग मालक. १७५८ मध्ये त्याला जाळलं, पण कादंबरीतले गुलाम म्हणतात, तो उडून गेला. मला जास्त लागला तो पुढचा भाग: स्वातंत्र्यानंतर काळाच राजा क्रिस्तोफ आपल्याच माणसांना चाबकाखाली किल्ल्याच्या विटा वाहायला लावतो.

अवांतर: जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका आधी वाचा, पानभरसुद्धा नाही.

कोपऱ्यातली:
सगळ्यांचे आभार! 'किंड्रेड' मागवली. 'बिलव्हेड' दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हा कुणी सोबत वाचणार असेल तर सांगा. दर्यावर्दी, 'गुलामगिरी' घरात आहे हो, अर्पणपत्रिका ओलांडूनच पुढे गेले होते.