मदत हवी आहे: खुराड्यामागचा गडगा आणि फुरसं

आम्ही देवगडजवळ राहतो. मागे थोडी कलमं, माड आणि सासूबाईंच्या गावठी कोंबड्या. थोरला पाच वर्षांचा, धाकटी तीन. उठल्या उठल्या दोघं अनवाणी खुराड्याकडे पळतात, अंडं आधी कोण काढणार यावरून रोज भांडण.

खुराडं नेमकं जुन्या चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाच्या भिंतीला) लागून आहे, आणि परवा त्याच्या फटीतून फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, निघालं. असेल वीतभर, पण वेटोळं घासत करकर आवाज काढत बसलेलं! सर्पमित्र घेऊन गेले. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, म्हणून संध्याकाळी झाडून घेते. पण फुरसं पाली, बेडूक, विंचूही खातं, तेव्हा नुसत्या झाडण्याने काय होणार?

नवरा म्हणतो, गडगा पाडू. सासूबाई म्हणतात, "गडगो मोडलंस तर ढोरां कलमात शिरतली." त्यांचंही खरंच.

फटी सिमेंटने भरल्या तर पावसात पाणी तुंबून गडगा ढासळेल का? की खुराडंच खांबांवर उचलून अंगणाकडे आणावं? कोणी केलं असेल तर उंची किती ठेवलीत?

आणि मुलांना पायात काही घालायची सवय कशी लावलीत? गमबूट आणले, तर थोरल्याने त्यात पिल्लं बसवली.