मदत हवी आहे : लिनक्स टाकल्यापासून बॅटरी दीड तासात संपते

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. जुना लॅपटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. त्यावर लोकांचे पीक विम्याचे फॉर्म भरून देतो. इकडे लाइन गेली की कधी येईल नेम नाही, सारी भिस्त बॅटरीवर. आधी तीन तास निघायचे, आता दीड. पंखा तर उफणणीच्या पंख्यासारखा घुमतो.

तपासलं तर प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर इंटेल-पीस्टेट, आणि गव्हर्नर (वेग कसा ठरवायचा त्याची पद्धत) दोनच : परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह. पॉवरसेव्ह आधीच लागलेलं आहे. या ड्रायव्हरात त्याचा अर्थ सगळ्यात कमी वेग असा नाही, कामाप्रमाणे वेग खालीवर होतो, एवढं कळलं. पण काहीच उघडं नसताना २.७ गिगाहर्ट्झ? (आकडा पाहायला टर्मिनल उघडतो तेव्हाच चढत असेल, अशीही शंका येते.)

त्यात घाईघाईनं टीएलपी हा बॅटरी वाचवायचा प्रोग्राम टाकला, अन् तसंच काम करणारं पॉवर-प्रोफाइल्स-डेमन आधीपासून चालूच होतं. एका बंडीला दोन धुरकरी! यातलं कोणतं काढू? की दोन्ही काढून नुसता टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करू? ड्रायव्हर पॅसिव्ह मोडमध्ये (म्हणजे वेग तो स्वतः न ठरवता लिनक्सचा गव्हर्नर ठरवतो) टाकून शेड्युटिल हा दुसरा गव्हर्नर लावून कोणाची बॅटरी खरंच वाढली का? वापरून पाहिलेल्यांनी सांगा भाऊ, खरिपाचे फॉर्म तोंडावर आलेत.