वायफायचे तीन एपी लावूनही मीटिंग रूममध्ये कॉल तुटतो, चौथा घेऊ का?

नवखा_ॲडमिन
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस एकाच मजल्यावर आहे, आकार एल अक्षरासारखा, साधारण ४० जण बसतात. मधून लांबलचक पॅसेज जातो, एका बाजूला मोकळा हॉल, दुसऱ्या बाजूला केबिन आणि टोकाला मीटिंग रूम, तिला तीन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती. माझ्या आधी जे हे बघायचे त्यांनी तिन्ही ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारे डबे) पॅसेजमध्ये एका रांगेत लावलेत आणि तेही फॉल्स सीलिंगच्या वर, दिसू नयेत म्हणून. पॉवर सगळ्यांची हायवर आहे. मोबाईलवर दांड्या बऱ्यापैकी दिसतात पण मीटिंग रूममध्ये व्हिडिओ कॉल सुरू केला की आमचा आवाज समोरच्याला तुटक जातो, त्यांचं मात्र आम्हाला नीट ऐकू येतं, हे कोडं मला काही सुटत नाहीये. साहेब म्हणतायत चौथा घेऊन टाक. घ्यावा का? आणि घेतला तर छताला लावू की भिंतीला?

केबलवाला
दादा, चौथ्याचं नंतर बघू, आधी आहेत ते तीन पॅसेजमधून बाहेर काढा. पॅसेजमध्ये लावायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते कारण तिथे केबल टाकणं सोपं पडतं, पण पॅसेजमध्ये माणूस बसतो का? तिथे तिन्ही एपींना मधे एकही भिंत नाही, म्हणजे ते एकमेकांना अगदी स्पष्ट ऐकतात, आणि जे टेबलाशी बसलेत त्यांच्यापर्यंत सिग्नल भिंत ओलांडून पोचतो. म्हणजे अडथळा नको तिथे आणि मोकळी वाट पण नको तिथेच. जिथे माणसं बसतात त्या खोलीच्या छताला लावा, एक हॉलमध्ये, एक केबिनच्या रांगेत मधल्या केबिनमध्ये, एक मीटिंग रूममध्ये. तिन्ही एका सरळ रेषेत आणू नका, थोडे तिरके येऊ द्या.

दुसरं म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर अजिबात ठेवू नका. वर एसीचे पत्र्याचे डक्ट असतात, केबल ट्रे असतात, सीलिंगची ग्रिडही धातूची, त्यावर सिग्नल आपटून परत फिरतो. एपी सीलिंगच्या खाली, लोगो जमिनीकडे तोंड करून. टाइलचं सीलिंग असेल तर ग्रिडच्या टी-पट्टीला बसणारी क्लिप बहुतेक एपींबरोबर येते, नुसत्या टाइलला स्क्रू मारून लटकवू नका, टाइल वाकते. जिप्सम असेल तर अँकर लागतील. आणि कृपा करून वर मीटरभर केबल गुंडाळून सोडा, उद्या एपी अर्धा मीटर सरकवायची वेळ आली की तीच कामाला येते.

भिंतीचं म्हणाल तर छताचा एपी भिंतीला लावू नये. त्याचा सिग्नल उघडलेल्या छत्रीसारखा खाली आणि चहूबाजूंना पसरतो. तोच भिंतीवर उभा केला की छत्री आडवी झाली, बराचसा सिग्नल वरच्या आणि खालच्या मजल्याकडे जातो. छताला लावणं शक्यच नसेल तर भिंतीसाठी वेगळं मॉडेल मिळतं, ते घ्या.

नवखा_ॲडमिन
धन्यवाद दादा, जागांचं पटलं. पण आवाज एकाच बाजूने का तुटतो ते अजून कळलं नाही, आणि हाय पॉवर असताना तर असं व्हायलाच नको ना?

सिग्नल_मोजणारी
हाय पॉवरमुळेच होतंय ते. दांड्या काय दाखवतात, तर एपीचा आवाज तुमच्या मोबाईलला किती मोठा ऐकू येतो एवढंच. मोबाईल आणि लॅपटॉपची स्वतःची पॉवर एपीपेक्षा बरीच कमी असते. एपी पॅसेजमधून ओरडतोय म्हणून भिंतीपलीकडे ऐकू येतं, पण लॅपटॉप आतून जे बोलतो ते त्याच भिंतीतून परत जाताना इतकं क्षीण होतं की एपीला नीट कळत नाही, मग डेटाची तीच पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि तुमचा आवाज तुटतो. शिवाय लांबचा एपीही मोठ्याने ओरडत असल्यामुळे लॅपटॉप त्यालाच चिकटून बसतो, जवळचा एपी समोर असला तरी सोडत नाही, कारण कुठल्या एपीला जोडायचं हे शेवटी लॅपटॉपच ठरवतो.

डीबी म्हणजे सिग्नलची ताकद किती कमी-जास्त झाली ते सांगणारं माप, त्याचा हिशोब सोपा आहे, ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी, १० डीबी कमी झाले की दहावा हिस्सा. काँक्रीटची एक भिंत १० डीबी सहज खाते, जिप्समची पार्टिशन त्यामानाने थोडंच. म्हणून प्लॅन काढताना मीटर मोजण्याआधी भिंती मोजा आणि त्या कशाच्या आहेत ते बघा. काचेची केबिन असेल तर त्यावर धातूचा थर असलेली फिल्म आहे का तेही बघून घ्या, ती काच दिसायला आरपार पण सिग्नलला नाही.

वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात, पॉवर २.४ ला 'लो'वर आणि ५ ला 'मीडियम'वर आणा. व्हॉइस आणि व्हिडिओसाठी प्रत्येक खुर्चीपाशी उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा, उणे ६० हे उणे ६७ पेक्षा चांगलं, यात नवीन माणसाचा गोंधळ होतो म्हणून सांगते. फोनवर वायफाय ॲनालायझरचं एखादं ॲप टाका आणि दरवाजे बंद करून, खुर्चीवर बसून मोजा, उभं राहून हात वर करून नाही. भोकं पाडायच्या आधी एपी उंच स्टँडला बांधून सुमारे छताच्या उंचीला धरा, मोजा, सरकवा, परत मोजा. अर्धा दिवस जाईल पण हे काम टाळू नका, मी टाळलं होतं तेव्हा पाच भोकं बुजवावी लागली.

केबलवाला
ताईंनी चॅनलचं, म्हणजे बँडमधल्या कुठल्या पट्टीत एपी बोलतो त्याचं सोडलं, ते मी सांगतो. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच वापरा, २० मेगाहर्ट्झची रुंदी, तुमचे तीन एपी आहेत म्हणजे प्रत्येकाला एक, मधला ३ किंवा ८ टाकला की दोन्हीकडच्यांना त्रास. ५ मध्ये चॅनल भरपूर आहेत पण ८० ची रुंदी लावायचा मोह टाळा, ऑफिसला ४० पुरते, शेजारी गर्दी असेल तर २०. आणि तिन्हीला केबलच द्या, वायरलेस मेश (एपी केबलऐवजी हवेतूनच एकमेकांना जोडणं) नको, तिथे बरेचदा तोच रेडिओ दोन कामं करतो आणि स्पीड निम्म्यावर येतो. पीओई स्विचपासून (जो नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देतो) एपीपर्यंत पॅचकॉर्ड धरून १०० मीटरच्या आत. स्विच एकूण किती वीज देऊ शकतो ते तपासा, पीओईच्या साध्या ८०२.३एएफ प्रकारचा पोर्ट १५.४ वॉट देतो, नवीन एपींना बरेचदा ३० वॉटचा ८०२.३एटी लागतो.

नवखा_ॲडमिन
शनिवारी स्टँड घेऊन बसलो. मीटिंग रूममध्ये आधी उणे ७४ येत होतं, एपी आत आणल्यावर पॉवर मीडियम ठेवूनही टेबलाशी उणे ५२. हॉलमध्ये पहिली जागा चुकली, लोखंडी कपाटांच्या रांगेमागे दोन टेबलं उणे ७२ वर अडकली होती, एपी दोन मीटर सरकवला तर उणे ६३ झालं. सोमवारी सलग दीड तासाचा कॉल झाला, एकदाही तुटला नाही. चौथ्याची मागणी रद्द केलीय. आता फक्त एल च्या कोपऱ्यातली पँट्री उरलीय, तिथे उणे ७०.

सिग्नल_मोजणारी
पँट्रीत कोणी कॉलला बसत नसेल तर उणे ७० राहू द्या, तेवढ्यासाठी पॉवर वाढवू नका. तिथे मायक्रोवेव्ह असेल तर तो २.४ मध्येच गोंगाट करतो, तेव्हा तिकडच्या लॅपटॉपना ५ वरच जोडा.