मदत हवी आहे : मनसबदाराने घोडेस्वार नेमके किती ठेवायचे?

अकरावीच्या मुलांसाठी मुघल कारभारावर तासाभराची मांडणी करतोय. एका हिशेबावर गाडी अडली आहे.

मनसबदार म्हणजे मुघल बादशहाचा दर्जा मिळालेला अधिकारी, आणि त्याचे आकडे दोन : जात म्हणजे दर्जा आणि पगार, सवार म्हणजे फौजेची जबाबदारी, हे स्पष्ट आहे. शाहजहानच्या काळातला नियमही माहीत आहे : जहागीर (पगारापोटी महसूल लावून दिलेला मुलूख) नेमणुकीच्याच सुभ्यात असेल तर सवार आकड्याच्या एक तृतीयांश स्वार, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश. म्हणजे ३००० सवारवाल्याने १००० किंवा ७५०. इथवर ठीक.

पण त्याच काळात माहवार पद्धतही येते, म्हणजे जहागिरीतून वर्षातल्या किती महिन्यांएवढी वसुली होते ते धरायची पद्धत. कागदावरची जमा आणि हाती पडणारा हासिल यांत मोठी तफावत (दख्खनेत तर विचारूच नका!), म्हणून निम्माच वसूल होणारी जहागीर ‘सहामाही’ धरत आणि फौजेची अपेक्षाही कमी करत. मी दोन्ही कपाती एकापाठोपाठ लावून पाहिल्या, तर ३००० चे ५०० वर येतात. एवढ्या छोट्या छोट्या तुकड्या घेऊन औरंगजेबाने विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) घेतला असेल, हे पटत नाही. अर्थात मनसबदारही हजारोंनी होते म्हणा.

‘आइन-इ-अकबरी’ चाळली, पण ती अकबराच्या काळची, या नियमांच्या आधीची. दुअस्पा-सिहअस्पा (दोन-तीन घोडे बाळगणाऱ्या स्वारांचा हिशेब) सध्या बाजूला ठेवूया, नाहीतर मुलं पळतील. फारसी येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल.

तर माहवारीची कपात तृतीयांश-चतुर्थांश काढल्यावर वेगळी होत असे, की दोन्हींचा मिळून एकच तक्ता होता?