जावास्क्रिप्टमधल्या % ला 'बाकी' म्हणावं का?

प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांसाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची ओळख मराठीतून लिहितेय. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सुरळीत पार पडले. गाडी अडली ती % पाशी. मुलं सवयीने 'टक्के' वाचतात आणि १७ % ५ चं उत्तर ०.८५ सांगतात. उत्तर आहे २. क्लासमध्ये सगळे 'मॉड' म्हणतात, पण नुसतं 'मॉड' म्हटल्याने पोरांना काहीच कळत नाही. बाकी, शेष, उर्वरित यांतलं काय वापरावं? आणि ** ला 'घात' चालेल ना?

(उदाहरणांतले आकडे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिलेत. कोडमध्ये इंग्रजीच हवेत.)

प्रतिसाद

बाकी. दुसरा शब्द शोधूच नका. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे मुलांनी प्राथमिक शाळेतच घोटलेलं असतं. १७ = ५ × ३ + २, त्यातला शेवटचा २ म्हणजे तुमचा %. जावास्क्रिप्टच्या अधिकृत नियमावलीतही या चिन्हाचं नाव 'रिमेंडर' असंच आहे, 'मॉड' तिथे नाही.

'शेष' चुकीचा नाही. 'निःशेष भाग जातो' आपण म्हणतोच, नववीच्या बीजगणितात शेष सिद्धांतही आहे. पण '१७ ला ५ ने भागल्यावर शेष किती' असं वर्गात कोण विचारतं? 'उर्वरित' तर सरकारी परिपत्रकात शोभतो.

फक्त एक जपा. उदाहरण पतसंस्थेच्या खात्याचं घेतलंत तर 'खात्यातली बाकी' आणि '% ची बाकी' यांचा गुंता होईल. खात्यात असते ती 'शिल्लक' आणि द्यायची राहिली ती 'थकबाकी' असं आधीच ठरवून टाका.

प्रतिसाद

बाकीला +१, पण शाळेतली बाकी कधी ऋण नसते आणि जावास्क्रिप्टची असते. −७ % ३ करून बघा, −१ येतं. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत तेच २ येतं. जावास्क्रिप्ट भाज्याचं चिन्ह उत्तराला लावते, पायथॉन भाजकाचं.

ही नुसती पुस्तकी शंका नाही. वारांची यादी घ्या, रविवार ० पासून शनिवार ६ पर्यंत. मंगळवार म्हणजे २. त्याच्या ५ दिवस आधी कोणता वार? (२ − ५) % ७ लिहिलंत की उत्तर −३. यादीत −३ क्रमांकाचा वारच नाही, म्हणून पडद्यावर 'अनडिफाइन्ड' (म्हणजे काहीच सापडलं नाही) झळकतं. खरं उत्तर गुरुवार, म्हणजे ४. त्यासाठी ((२ − ५) % ७ + ७) % ७ असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. पुढच्या तारखा मोजताना सगळं ठीक चालतं, मागे जायला लागलं की घोटाळा. त्यामुळे अशी चूक बरेच दिवस लपून राहते.

प्रतिसाद

मग दोन शब्द आहेतच की आपल्याकडे. जावास्क्रिप्टवाली ती 'बाकी', पायथॉनवाला तो 'शेष'. वाटणी करून टाकू.

प्रतिसाद

नको हो. मराठीत या दोन शब्दांत असा फरक कधीच नव्हता. तुम्ही तो आज पाडलात तर या धाग्याबाहेर कुणाला कळणार? '% ने बाकी मिळते आणि तिला भाज्याचं चिन्ह लागतं' एवढं वाक्य पुरे.

मला जास्त काळजी 'कंचेभागुबेव'ची वाटते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम मुलांच्या डोक्यात पक्का असतो. त्यात बाकी कुठे बसवायची? बाकी भागाकारातून येते, म्हणून मुलं तिला 'भा'मध्ये टाकतात आणि गुणाकाराच्या आधी करतात. १० * ७ % ४ घ्या. आधी ७ % ४ केलं तर ३, मग १० × ३ = ३०. यंत्र सांगतं २, कारण *, / आणि % तिघांचा मान सारखा, डावीकडून जो आधी आला तो आधी. ७० ला ४ ने भागून बाकी २.

बेरीज-वजाबाकीचंही तेच. १० − ३ + २ मध्ये 'बे' आधी म्हणून ५ सांगणारी पोरं दरवर्षी भेटतात. उत्तर ९. आणि 'चे'ला तर जावास्क्रिप्टमध्ये चिन्हच नाही. १०० ÷ १० चे २ म्हणजे वहीत ५, पण १०० / १० * २ लिहिलंत तर २०. कंस घाला, सुखी राहा.

धागालेखिका

बाकी पक्की. कंचेभागुबेवचं वेगळं पानच करते. आता + बद्दल. फॉर्ममध्ये ५ टाइप केला, त्यात ३ मिळवले, तर ५३ आलं. याला 'चुकीची बेरीज' म्हणू का?

प्रतिसाद

अजिबात नाही, ती बेरीज झालीच नाही. फॉर्ममधून आलेला ५ हा मजकूर असतो, आणि + च्या एका बाजूला मजकूर असला की जावास्क्रिप्ट दोन्ही बाजू जोडून टाकते. संख्या असतील तर 'बेरीज', मजकूर असेल तर 'जोड', असे दोन शब्द पहिल्या पानापासून वेगळे ठेवा. 'जोड'चं दुसरं काम − ला नाही, म्हणून तोच मजकुरातला ५ घेऊन '५' − ३ केलंत तर निमूट २ येतं. आणखी गंमत: ५ + ३ + 'रुपये' म्हणजे '८रुपये', पण 'रु.' + ५ + ३ म्हणजे 'रु.५३'. इथेही डावीकडून उजवीकडे. पीएचपी या भाषेत ही भानगड नाही, तिथे जोडायला टिंब आणि बेरजेला + अशी आधीच फारकत आहे.

 ** ला घात उत्तम, २०१६ च्या आवृत्तीपासून ते चिन्ह आहे. मात्र −२ ** २ लिहिलंत तर जावास्क्रिप्ट चालवायलाच नकार देते. वर्ग −२ चा की २ चा, हे कंसाने सांगा म्हणते.

प्रतिसाद

मराठी कीबोर्डवाल्यांसाठी पुरवणी. फॉर्ममध्ये कुणी देवनागरी ५ टाइप केला तर त्याची संख्याच होत नाही, 'नॉट अ नंबर' येतं. उलट दाखवताना मराठी पद्धत निवडली की तीच जावास्क्रिप्ट '१,२३,४५६' असं सुरेख देवनागरीत लिहून देते, आणि ते परत वाचायला दिलं की ओळखही दाखवत नाही! तेव्हा आधी स्वल्पविराम काढा, मग प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) २४०६ वजा करा. '०'चा क्रमांक २४०६ आहे, '५'चा २४११, म्हणजे वजाबाकी ५. असे सुटे आकडे ओळीने पुन्हा मजकूर म्हणून जोडायचे आणि मगच त्याची संख्या करायची.

धागालेखिका

म्हणजे इथे 'जोड'च हवी, बेरीज केली तर १२३ चे ६ होतील. हे उदाहरण घेतेच.