मदत हवी आहे: 'टू मॅडम अँड आय' की 'टू मॅडम अँड मी'?

चाकण_क्यूसी

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे डिप्लोमा. ड्रॉइंग, स्पेक, ऑडिट रिपोर्ट वाचताना कुठे अडत नाही. पण परदेशी ग्राहकांचे मेल आता माझ्याकडे आलेत आणि लिहायला बसलं की 'ही', 'दे', 'इट', 'वी' यांच्यात बोटं अडकतात. 'आय-मी-माय-माइन'चा तक्ता पाठ आहे हो, पण वाक्यात कुठलं कुठे बसवायचं ते तक्ता सांगत नाही.

किबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून सगळं देवनागरीतच लिहितोय. एकेरी अवतरणात इंग्रजी, दुहेरीत मराठी. नाहीतर इंग्रजीतला 'मी' आणि आपला "मी" यात तुमचाच गोंधळ होईल.

अडलेली वाक्यं:

'प्लीज सेंड द रिपोर्ट टू मॅडम अँड मी.' साहेब म्हणतात इथे 'आय' हवं, 'मी' अडाणी वाटतं. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो 'मायसेल्फ' लिही, वादच मिटेल.

'अवर डायरेक्टर इज इन अ मीटिंग. दे विल कॉल यू.' माणूस एकच आहे, पण डायरेक्टरांबद्दल "तो फोन करेल" असं लिहायला हात धजत नाही.

इटलीच्या ग्राहकाकडून आंद्रेआ नावाने मेल येतात. 'ही' की 'शी'?

'द फाउंड्री इन्फॉर्म्ड द मशीन शॉप दॅट देअर गेज वॉज आउट ऑफ कॅलिब्रेशन.' ग्राहकाने उलट विचारलं, गेज कोणाचा? वाक्यात काय खोट आहे?

कृपया ऑनलाइन कोर्स सुचवू नका. शिफ्ट बदलत्या असतात, जमत नाही. नियम सांगा किंवा युक्ती सांगा.

खडू_फळा

पहिल्या वाक्यात तुम्ही बरोबर आहात. साहेबांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मॅडमना वाक्यातून बाहेर काढा. 'सेंड द रिपोर्ट टू आय' असं साहेबसुद्धा लिहिणार नाहीत. 'टू मी'च लिहितील. मग मॅडम शेजारी येऊन बसल्या म्हणून 'मी'चं 'आय' कसं होईल? 'बिट्वीन यू अँड मी' याच नियमाने. 'मॅडम अँड आय चेक्ड द पार्ट्स' मात्र बरोबर, कारण तिथे तपासणारे तुम्ही दोघं, म्हणजे कर्ता.

ही 'आय'ची हौस शाळेतून येते. पोरगं 'मी अँड राजू वेंट' म्हणालं की आम्ही मास्तर खेकसतो, "राजू अँड आय म्हण!" पोरगं एवढंच शिकतं की जोडीत नेहमी 'आय' लावायचं. इंग्लंड-अमेरिकेतली शिकलेली माणसंही 'बिट्वीन यू अँड आय' सर्रास म्हणतात, त्यामुळे तुमचे साहेब एकटे नाहीत.

आता मराठी माणसासाठी खास युक्ती. आपल्या कानाला हे आधीच कळतं. "रिपोर्ट मॅडमना आणि मी पाठवा" असं कोणी बोलतं का? "मॅडमना आणि मला". मराठीत "मी" येतो तिथे 'आय'. "मला" किंवा शब्दयोगी अव्यय लागलेलं "माझ्या-" येतं तिथे 'मी'. माझ्याबरोबर 'विथ मी', माझ्यासाठी 'फॉर मी', माझ्याशिवाय 'विदाउट मी'. तसंच "त्याला" 'हिम', "आम्हाला" 'अस'.

'मायसेल्फ'चं सांगतो. आत्मवाचक सर्वनामाला वाक्यात मूळ माणूस आधी लागतो. 'आय हर्ट मायसेल्फ' चालेल, जोर द्यायला 'आय चेक्ड इट मायसेल्फ' चालेल. 'काँटॅक्ट मॅडम ऑर मायसेल्फ' लिहितात बरेच, पण ती वादातून काढलेली पळवाट आहे. आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक तमुक' हे तर आपलं राष्ट्रीय वाक्य झालंय. 'आय अ‍ॅम' म्हणा की सरळ.

मीनल_अनुवाद

गुरुजी, युक्ती छान आहे, पण ती अशीच सोडली तर हे दादा उद्या 'मी हॅव फीवर' लिहून पाठवतील.

मराठीत ज्याला अनुभव येतो त्याला आपण "ला" लावतो. मला ताप आहे, मला वाटतं, मला आवडतं, मला माहीत आहे, मला भूक लागली, मला जमणार नाही. इंग्रजीत हे सगळे 'आय'ने सुरू होतात: 'आय हॅव', 'आय थिंक', 'आय लाइक', 'आय नो'. "माझ्याकडे दोन गेज आहेत" याचं 'आय हॅव टू गेजेस'. "माझ्याकडून फाइल राहिली" यात तर अख्खं शब्दयोगी अव्यय आहे, तरी 'आय फरगॉट द फाइल'. म्हणून मराठी वाक्य आधी असं फिरवून घ्या की करणारा पुढे येईल, आणि मग गुरुजींची युक्ती लावा. देणं-घेणं, पाठवणं, सांगणं, भेटणं या क्रियापदांना ती न फिरवताही बसते, आणि कारखान्याच्या मेलमध्ये बहुतेक तीच असतात.

गेजच्या वाक्याबद्दल. व्याकरणाची खोट नाही, पण 'देअर' कोणाकडे बोट दाखवतंय ते वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे निदान साध्या वाक्यात सोय आहे: "रमेशने आपली गाडी विकली" म्हणजे रमेशची स्वतःची, "त्याची गाडी विकली" म्हणजे बहुधा दुसऱ्याची. इंग्रजीत दोन्हीला 'हिज कार'. तेव्हा दोन माणसं किंवा दोन कंपन्या एका वाक्यात आल्या की सर्वनामाचा मोह सोडा आणि नाव परत लिहा: 'दॅट द फाउंड्रीज गेज वॉज...'. शाळेत पुनरुक्तीला मार्क कापतात, पण बिघाडाच्या रिपोर्टमध्ये ती हवीच. भरपाईचं बिल कोणाच्या नावावर जाणार ते त्यावर ठरतं.

ठाणे_टू_टोरांटो

डायरेक्टर साहेबांचा 'दे' काढा. आपला आदरार्थी "ते" इंग्रजीत जात नाही. 'ही विल कॉल यू' यात उद्धटपणा अजिबात नाही, पंतप्रधानांनाही 'ही'च. आदर दाखवायचा तर आडनावाआधी 'मिस्टर' लावा. "माझे बाबा आले आहेत" याचं 'माय फादर, दे हॅव कम' मी इथे आपल्या मंडळींकडून अजून ऐकतो, आणि समोरचा बाबांच्या मागे अजून कोण आलंय ते शोधत असतो.

बोलताना आणखी एक होतं. "त्यांनी", "त्यांना", "त्यांचा" या रूपांत बाई की पुरुष ते दिसतच नाही. डोक्यात "मॅडम, त्यांनी सांगितलं" असं चालू असतं आणि तोंडातून 'ही टोल्ड' निघतं. मेल पाठवण्याआधी एकदा फक्त 'ही-शी' बघत खाली या, सापडेल.

आंद्रेआ: इटलीत हे सहसा पुरुषाचं नाव, जर्मनीत आणि अमेरिकेत बाईचं. तरी नावावरून पैज लावू नका, मेलखालची सही बघा. हल्ली पुष्कळजण तिथे 'ही/हिम', 'शी/हर' किंवा 'दे/देम' असं लिहून ठेवतात. असेल ते वापरा. नसेल तर 'आंद्रेआ' हेच परत लिहा. मुळात त्या व्यक्तीलाच मेल लिहिताय तर 'यू'वर भागतंय.

गोंधळलेला_गणू

म्हणजे एकाच माणसाला 'दे' चालतं की नाही? वर म्हणता काढा, खाली म्हणता सहीत असतं तर वापरा.

ठाणे_टू_टोरांटो

@गणू, आदरासाठी चालत नाही. माणूस कोण आहे, पुरुष की बाई, हे माहीत नसताना चालतं: 'इफ एनी ऑपरेटर फाइंड्स अ क्रॅक, दे शुड स्टॉप द लाइन'. आणि एखादी व्यक्ती स्वतःसाठी 'दे' सांगत असेल तर तिच्यासाठी चालतं. ही आजची फॅशन नव्हे, एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून लिखाणात सापडतं. मधल्या काळात वैयाकरणांनी त्याला हाकललं, आता परत आलंय. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ साली 'दे' हाच वर्षाचा शब्द निवडला होता.

क्रियापद मात्र 'दे आर'च, माणूस एक असला तरी. 'दे इज' नाही. 'यू'चंही तसंच: पूर्वी एकाला 'दाउ' होतं, 'यू' अनेकांना किंवा मोठ्यांना. 'दाउ' गेलं, 'यू आर' एकट्यालाही राहिलं. तुम्ही-तू मधला "तू" उडून जावा तसं.

कायद्याचं_बोला

अवांतर, पण राहवत नाही. सरकारी आणि कोर्टाच्या इंग्रजीत अजून 'ही'चं राज्य आहे. १८९७चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम १३: पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही आल्या. संविधानाच्या अनुच्छेद ५६ मध्ये राष्ट्रपतींसाठी 'ही' आणि 'हिज ऑफिस' आहे. २००७ साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यासाठी अक्षरही बदलावं लागलं नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या करारात 'द व्हेंडर शॅल सबमिट हिज इन्व्हॉइस' दिसलं तर ते मेलमध्ये उचलू नका. कंपनीला 'इट' किंवा 'दे'.

मीनल_अनुवाद

कंपनीवरून आठवलं. चाकण_क्यूसी, तुम्ही 'वी' अडतं म्हणालात पण वाक्य दिलं नाहीत.

चाकण_क्यूसी

सगळ्यांचे आभार, एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. 'वी'चं वाक्य: 'वी विल बेअर द सॉर्टिंग कॉस्ट.' मला म्हणायचं होतं "आपण", म्हणजे निम्मं ते, निम्मं आम्ही.

मीनल_अनुवाद

अरे बापरे! हे तुम्ही "आम्ही" असं कबूल केल्यासारखं झालं. "आपण"मध्ये ऐकणारा धरलेला असतो, "आम्ही"मध्ये नसतो. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी' आहे, आणि पुरवठादाराच्या मेलमध्ये ग्राहक त्याचा अर्थ "आम्ही"च घेणार. पैसा, तारीख, जबाबदारी यातलं काही असेल तर 'वी' एकटं सोडू नका. 'बोथ कंपनीज विल शेअर द कॉस्ट इक्वली' असं लिहा. मेल गेला असेल तर आजच्या आज खुलासा पाठवा.

चाकण_क्यूसी

सुदैवाने ड्राफ्टमध्येच होता. सगळं लावून परत लिहिलंय, एकदा बघता का?

'डिअर आंद्रेआ, वी हॅव चेक्ड अँड फाउंड ओके. इट्स मेजरमेंट रिपोर्ट इज अटॅच्ड. प्लीज अप्रूव्ह द सेम अँड सेंड टू मॅडम अँड मी. अवर डायरेक्टर इज ट्रॅव्हलिंग. ही विल कॉल यू ऑन मंडे. बोथ कंपनीज विल शेअर द सॉर्टिंग कॉस्ट इक्वली.'

खडू_फळा

बरंच सुधारलं. तीन जागा बघा.

'चेक्ड अँड फाउंड ओके' यात काय तपासलं? मराठीत "बघितलं, ठीक आहे" एवढ्यावर भागतं, कर्ता-कर्म दोन्ही गाळता येतात. इंग्रजीत ती जागा भरावी लागते. आधी वस्तू एकदा नावाने: 'वी हॅव चेक्ड द ब्रॅकेट्स अँड फाउंड देम ओके'. पुढे 'सेंड टू मॅडम' इथेही 'सेंड इट टू' हवं. याच सवयीने आपली मुलं "पाऊस पडतोय"चं 'इज रेनिंग' करतात आणि 'इट' विसरतात.

'इट्स मेजरमेंट रिपोर्ट' यात तुम्ही टायपताना वरचा स्वल्पविराम दिलाय का? देवनागरीत ते दिसत नाही. मालकीचं 'इट्स' बिनस्वल्पविरामाचं, 'हिज'सारखं. स्वल्पविराम असेल तर 'इट इज' होतं. अर्थात ब्रॅकेट अनेक आहेत, तेव्हा इथे 'देअर'च हवं.

आणि 'अप्रूव्ह द सेम'. हे 'द सेम' आपल्या कचेऱ्यांमधून आलंय, इटलीत कळेल, पण जुनाट वाटेल. 'अप्रूव्ह इट' लिहा.

चाकण_क्यूसी

स्वल्पविराम दिला होता, काढला. 'द सेम' पण गेलं. साहेबांनी 'मी' बघितलं, काही बोलले नाहीत, मेल रवाना झाला.

गोंधळलेला_गणू

'हू' आणि 'हूम'चा नवीन धागा काढू का?

खडू_फळा

काढा. तिथेही युक्ती तीच, "कोण" तिथे 'हू' आणि "कोणाला" तिथे 'हूम'. "कोणाला ताप आहे"वाले अपवाद मीनलताई सांगतीलच.