मदत हवी आहे: घरी बिअर बनवायला परवाना लागतो का?

फेसाळ: घरी प्यायलाच बनवायची आहे, विकायची नाही. 20 लिटरचा कार्बॉय (बिअर आंबवायचा मोठा बाटला), एअरलॉक, हॉप्स सगळं आहे. परवाना लागतो का, कुठे मिळतो? जरा लवकर सांगा.

डेट्रॉइटकर: बिनधास्त करा. 1978 साली इथे अमेरिकेत अध्यक्ष कार्टरने कायद्यावर सही केल्यापासून एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोघं असतील तर 200. मिसिसिपी आणि अलाबामा तेवढे 2013 पर्यंत अडून बसले होते. माझी आयपीए बिअर…

रिकामटेकडा: अहो, ते राहतात कुठे ते तर विचारा!

फेसाळ: न्यू जर्सीत होतो, तिथे चार वर्षं करत होतो. आता कोथरूडला.

वकिलीण: हे आधी सांगायचं ना. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949, कलम 12. परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. 'घरच्यापुरती' अशी सवलत त्यात नाही. शिक्षा कलम 65 खाली, कैदही होऊ शकते.

रिकामटेकडा: पण पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना मिळतो की दुकानात.

वकिलीण: तो पिण्याचा. बनवण्याचा नाही.

रिकामटेकडा: मग यीस्ट, माल्ट, किट ऑनलाइन राजरोस कसं विकतात?

वकिलीण: गूळही राजरोस मिळतो. त्याची हातभट्टी लावली तर पोलीस वाण्याला नाही, तुम्हाला धरतात.

डेट्रॉइटकर: हातभट्टी आणि बिअर एक नव्हे हो! बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसतं. इथेसुद्धा घरी दारू गाळायला बंदीच आहे, बिअरला नाही.

वकिलीण: इथला कायदा दोन्हीला मद्यच म्हणतो.

सुगरणकाकू: बाटल्या भरताना साखर बेताने घाला. माझ्या भाच्याने आल्याची बिअर केली होती, रात्री दोन वाजता फडताळात तीन बाटल्या फुटल्या. छताला आल्याचा चोथा! त्यापेक्षा गाजराची कांजी करा, मोहरीची पूड घालून चार दिवस उन्हात.

रिकामटेकडा: काकू, प्रश्न काय, उत्तर काय.

वकिलीण: फेसाळ, मायक्रोब्रुअरीचा परवाना असतो, पण तो धंद्यासाठी. तुमच्या कामाचा नाही. सामान तसंच बांधून ठेवा.

फेसाळ: बांधून कसं ठेवू? बाथरूममध्ये कार्बॉय पाच दिवसांपासून बुडबुडतोय. आज घरमालक नळ बघायला येऊन गेले, म्हणाले, "इडलीचं पीठ का?"

रिकामटेकडा: आणि तुम्ही काय म्हणालात?

फेसाळ: हो म्हणालो. उद्या काकूंना पाठवतायत, सांबार घेऊन.